घरी टोमॅटो: भाजीतल्या फळाचं बी लावावं की पाकिटातलं?

अबोली_ठाणे
नमस्कार मंडळी,
ठाण्यात सातव्या मजल्यावर पूर्वेकडची गॅलरी आहे. सकाळी साडेसातपासून साडेबारापर्यंत ऊन असतं. मिरची, पुदिना, गवती चहा छान चाललेत. गणपती झाले की टोमॅटो लावायचं मनात आहे, आणि तेही बी पेरूनच. रोपवाटिकेतून रोप आणलं तर काम हलकं होईल, पण लेकीला बी रुजताना बघायचंय. खरं तर मलाही.

सासूबाई म्हणतात, "पिकलेला टोमॅटो चिर आणि मातीत पुर, रान माजेल." शेजारचे काका म्हणतात, "तो सगळा हायब्रीड माल. झाड येईल, फळ धरणार नाही. पाकीटच आण." घरात दोन तट पडलेत. कोणाचं बरोबर? आणि बी पेरल्यापासून रोप मोठ्या कुंडीत जाईपर्यंत तुम्ही काय काय करता, ते सविस्तर लिहाल का?

"बाजारात तीस रुपये किलो मिळतात" एवढं सोडून काहीही चालेल.

बागुलबुवा
बाजारात तीस रुपये किलो मिळतात. :)

पण जुलै २०२३ मध्ये हाच टोमॅटो शंभरीपार गेला होता, आणि आमच्या गच्चीतल्या झाडांकडे अख्खी सोसायटी कशी बघत होती ते माझ्या चांगलं लक्षात आहे. लावाच तुम्ही. जाणकार येतीलच, मी सतरंजी अंथरून बसतो.

शिवारफेरी
अबोलीताई, आमची टोमॅटोची शेती आहे, जुन्नर तालुक्यात. माल नारायणगावच्या मार्केटला जातो. काकांचं निम्मं बरोबर आहे.

बाजारात येणारा बहुतेक टोमॅटो संकरित, म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा संकर करून तयार केलेल्या बियांचा. त्या फळातलं बी पेरलं की पुढच्या पिढीत गुण फुटतात. एक झाड आईवर जाईल, एक बापावर, एक भलतंच निघेल. फळ मात्र धरतं. "धरणार नाही" हे काही खरं नाही. आम्ही दरवर्षी नवं बी घेतो, कारण क्रेटमध्ये सगळा माल एका आकाराचा, एका वेळी पिकणारा आणि वाहतुकीत टिकणारा लागतो. तुम्हाला कुठे क्रेट भरायचेत? तुम्हाला चार झाडांना चार तऱ्हेची फळं आली तरी कोशिंबीर होतेच.

खरी अडचण वेगळी आहे. विकत घेतलेल्या संकरित बियांत रोगांना तोंड देण्याची ताकद घातलेली असते. ती पुढच्या पिढीतल्या प्रत्येक रोपात उतरेलच असं नाही. चार रोपांतलं एखादं व्हायरसने गेलं तर मन खट्टू करून घेऊ नका.

आणि सासूबाईंना नमस्कार सांगा, रान माजेल हे अगदी खरं. आख्खा टोमॅटो पुरला की एकाच जागी गच्च रोपं येतात, एकमेकांच्या उरावर बसतात आणि सगळीच काटकुळी राहतात. बी सुटं करून पेरा.

निशिगंध_पुणे
पाकिटातलं घेणार असाल तर मधला रस्ता सुचवते: सरळ वाण घ्या. दिल्लीच्या पुसा संस्थेची पुसा रुबी, राहुरी कृषी विद्यापीठाचे भाग्यश्री आणि धनश्री, बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेचा अर्का विकास. या वाणांचं बी घरी धरलं तरी पुढच्या वर्षी तसंच झाड मिळतं. एकदा पाकीट आणलं की वर्षानुवर्षं घरचं बी.

एक सूचना, लेक लहान असेल तर महत्त्वाची. पाकिटातलं बी पुष्कळदा गुलाबी किंवा हिरवं असतं. तो बुरशीनाशकाचा थर आहे. पेरताना तिच्या हातात देऊ नका, आणि तुम्हीही नंतर हात साबणाने धुवा.

रानजाई
भाजीतल्या फळाचं बी काढायची पद्धत लिहिते. वनस्पतीशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली, आणि हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात करून घ्यायचे.

फळ लालभडक, हाताला मऊ लागेल इतकं पिकलेलं घ्या. आडवं कापा. उभं कापलं तर कप्पे नीट उघडत नाहीत. बोटाने बिया गरासकट काचेच्या पेल्यात काढा, दोन चमचे पाणी घाला आणि वर फडकं बांधून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवा. दोन-तीन दिवसांत वर पांढरट साय धरते आणि आंबूस वास सुटतो. घरचे नाकं मुरडतील, मुरडू दे. प्रत्येक बीभोवती जो बुळबुळीत पारदर्शक थर असतो, त्यात बी फळातल्या फळात रुजू नये अशी द्रव्यं असतात. आंबल्यावर तो थर सुटतो, आणि बीला चिकटलेले काही रोगजंतूही कमी होतात.

मग पेला पाण्याने भरा आणि ढवळा. भरीव बी तळाला बसतं, पोचट बी आणि गर वर तरंगतो. वरचं ओतून द्या. असं तीन-चार वेळा करून चहाच्या गाळणीत खळखळून धुवा. वाळवायला चिनीमातीची बशी घ्या. कागदावर पसरलं तर बी असं चिकटतं की सोडवताना कागदच निघून येतो. उन्हात नको, सावलीत पंख्याखाली वाळवा. वाळलेलं बी करडट पिवळं दिसतं आणि त्यावर बारीक लव असते. भिंगातून लेकीला दाखवा, मखमल दिसते.

आणि पेल्यात आंबवायला जास्त ठेवू नका. तीन दिवसांवर गेलं तर तिथेच मोड येतात.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या आजीनं कधी आंबवलं नाही बाप्पा. भेदरं (टोमॅटो) पिळायचं, बी चुलीच्या राखेत चोळायचं, भिंतीला थापायचं. पावसाळा लागला की खरवडून वाफ्यात. झाडं मोप यायची. एवढा खटाटोप कायले?

रानजाई
@वऱ्हाडी_ठेचा, राखेची रीत उत्तमच. राख तो बुळबुळीत थर घासून काढते आणि ओल शोषते, काम तेच होतं. पण ठाण्यात सातव्या मजल्यावर चुलीची राख आणायची कुठून? अगरबत्तीची राख मात्र वापरू नका, तिच्यात सुगंधी द्रव्यं असतात.

कुंडीबहाद्दर
बी कुठलं यावर एवढी चर्चा आणि ऊन किती यावर कोणीच बोलत नाहीये. सकाळचं पाच तास ऊन म्हणजे काठावर पास. टोमॅटोला सहा तास तरी लागतात. मोठ्या फळांचा नाद सोडा आणि चेरी टोमॅटो लावा. कमी उन्हात, कमी मातीत तोच तग धरतो. फळ लहान असल्याने झाडावर ताणही कमी. मुंबईत गॅलरीत मोठे टोमॅटो लावून निराश झालेले खूप लोक बघितलेत, चेरीवाला एकही नाही.

आणि कुंडी: एका झाडाला किमान बारा इंची. वीस लिटरची बादली मिळाली तर सोन्याहून पिवळं. तळाला भोकं पाडा. आठ इंची कुंडीत दोन-दोन रोपं हा छळ आहे.

शिवारफेरी
कुंडीबहाद्दरांशी सहमत. आता पेरणीचं लिहितो.

रोपवाटिकेत ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून एका कप्प्यात एक बी टाकतात. घरी कागदी कप घ्या, तळाला भोक पाडा. कोकोपीटची वीट भिजवून एकदा पिळून पाणी टाकून द्या, त्यात क्षार असतात. तीन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत. बी अर्धा सेंटिमीटर खोल. त्याहून खोल गाडलं तर वर यायला दमतं. २५ ते ३० अंशांत पाच ते आठ दिवसांत उगवतं, सप्टेंबरात ठाण्याला उबेची काळजीच नाही. उगवेपर्यंत वर ओला कागद झाका, पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी काढा आणि कप उन्हाला न्या.

रोपं मरतात ती बहुतेक पाण्याने. जमिनीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक होतो, काळपट पडतो आणि कालपर्यंत टवटवीत असलेलं रोप आडवं होतं. याला रोपं कोलमडणं म्हणतात, बुरशीचं काम आहे. एकदा आडवं झालेलं रोप उठत नाही. म्हणून आधीच मिश्रणात चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) मिसळा, आणि पाणी वरून न ओतता कप ताटलीत ठेवून खालून द्या. वरचा थर हाताला कोरडा लागला की मगच.

चार-पाच खरी पानं (उगवतानाची पहिली दोन सोडून) आली, साधारण २५ ते ३० दिवसांनी, की मोठ्या कुंडीत. संध्याकाळी लावा. खालची दोन पानं खुडून देठ पानांच्या जागेपर्यंत मातीत गाडा. टोमॅटोच्या देठाला मातीत मुळं फुटतात, झाड भक्कम होतं.

म्युनिकवासी
वाचनखूण साठवली! शिवारफेरी, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून खिडकीत लावतोय.

आमच्याकडे उलटा प्रकार. बी मार्चमध्ये घरात पेरायचं, तेव्हा बाहेर बर्फ असतो. ऊब हीटरची मिळते पण उजेड नसतो, मग रोपं खिडकीच्या काचेकडे माना वेळावत नुसती लांबत जातात. त्यावर दोन उपाय: उगवल्यावर रोपं थंड खोलीत हलवायची आणि वर एलईडी दिवा लावायचा. शिवाय रोज रोपांच्या शेंड्यांवरून अलगद हात फिरवायचा. वाऱ्यात वाढल्यासारखी ती बुटकी आणि जाड होतात. आमच्या घरी हे काम मुलाकडे आहे, तो त्यांना "शाळेत जाताना डोक्यावर हात" म्हणतो.

इथे बाहेर लावायचा मुहूर्तही ठरलेला आहे. मे महिन्यात ११ ते १५ तारखेदरम्यान 'आइसहायलिगे', म्हणजे बर्फाळ संतांचे दिवस येतात. शेवटची सोफी, १५ मे. तिच्याआधी टोमॅटो बाहेर काढला तर रात्रीच्या थंडीने मरेल असं शेजारच्या आजी बजावतात. त्याआधी आठवडाभर रोपं रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून उन्हावाऱ्याची सवय करावी लागते. अबोली, तुम्हालाही हे करावं लागेल. घरात वाढलेलं रोप एकदम ऑक्टोबरच्या उन्हात ठेवलं तर पानं पांढरी पडतात.

मांडवीकाठ
गोव्यातून लिहिते. आमच्या लाल मातीत टोमॅटो लावणाऱ्यांचा मोठा शत्रू म्हणजे जिवाणूंचा मर रोग. झाड हिरवंगार, फुलावर आलेलं, आणि दुपारी एकाएकी मान टाकतं. पानं पिवळीसुद्धा पडत नाहीत. पाणी कमी पडलं असं समजून लोक आणखी पाणी घालतात.

ओळखायची सोपी रीत आहे. देठ जमिनीजवळ कापा आणि तो तुकडा काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभा धरा. मर असेल तर थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे धागे पाण्यात उतरताना दिसतात. ते जिवाणू. मग त्या मातीत टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा काहीच लावू नका, सगळे एकाच कुळातले. औषध नाही.

आमच्यासाठी दोन वाटा आहेत. एक अर्का रक्षक, बंगळुरूचाच संकरित वाण. पानं गुंडाळणारा व्हायरस, मर आणि करपा या तिन्हींना तोंड देणारा. दुसरी वाट कलमी रोपांची: खाली वांग्याचा खुंट, वर टोमॅटो. म्हणूनच शिवारफेरींच्या सल्ल्यात एक भर घालते. रोप कलमी असेल तर देठ खोल गाडू नका, कलमाचा सांधा मातीच्या वर राहायला हवा. वरच्या टोमॅटोला मुळं फुटून ती मातीत गेली की खुंटाचा उपयोगच संपला.

शिवारफेरी
@मांडवीकाठ, लाखमोलाची भर. माझ्या प्रतिसादाला जोडून घ्यावी.

टिंगूमामा
एक शंका. काल टोमॅटो कापला तर आत बियांना हिरवे मोड! बायको म्हणते टाकून द्या, काहीतरी केमिकल मारलंय.

रानजाई
केमिकल नाही हो. फळ फार दिवस राहिलं की बीला झोपवून ठेवणारं संप्रेरक कमी होत जातं आणि आतल्या ओलाव्यात बी जागं होतं. ते मोड गरासकट अलगद काढून कपात लावा, तुमचं उगवणीचं काम झालेलंच आहे.

वऱ्हाडी_ठेचा
अन् फळं हिरवी असतानी चार खुडायची विसरू नका. हिरव्या भेदऱ्याच्या फोडी तव्यावर तेलात, हिरवी मिरची, लसूण, मूठभर भाजलेले शेंगदाणे, जिरं, मीठ. जाडंभरडं वाटा. ज्वारीच्या भाकरीसंगं. पिकेपर्यंत थांबायची गरजच नाही.

निशिगंध_पुणे
आम्ही त्यात तीळ आणि गुळाचा खडाही घालतो.

वऱ्हाडी_ठेचा
गूळ?! पुणं ते पुणंच.

कुंडीबहाद्दर
चटणीवरून परत कुंडीवर या. लोक टोमॅटोला अंड्याची टरफलं, केळीची सालं, चहाचा चोथा असं काय काय घालतात. फळाच्या बुडाला काळा डाग पडला की "कॅल्शियम कमी आहे" म्हणून आणखी टरफलं. मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा असतंच. ते पाण्याबरोबर फळापर्यंत पोचतं, आणि कुंडी एक दिवस सुकी, एक दिवस चिखल असली की पोचत नाही. पाणी नियमित करा, वर वाळक्या पानांचं आच्छादन घाला. पुढची फळं स्वच्छ येतील.

निशिगंध_पुणे
टरफलं अगदीच वाया जातात असं नाही, बारीक पूड करून कंपोस्टात घातली तर हळूहळू उपयोगी पडतात. पण काळ्या डागावर उतारा म्हणून नाही, हे मान्य.

अबोली_ठाणे
किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! गणपतीनंतर दोन्ही प्रकारचं बी पेरलं: एका रांगेत भाजीतल्या टोमॅटोचं (रानजाईंच्या पद्धतीने, वासाबद्दल घरात बरंच ऐकून घेतलं), दुसऱ्या रांगेत पाकिटातली पुसा रुबी. दोन्ही उगवली. लेकीने कपांवर "आजी" आणि "काका" असं लिहून ठेवलंय. आता नोव्हेंबर संपत आला. झाडं कुंडीत छान आहेत, सुतळीने ग्रिलला बांधलीत. पण फुलं येतात आणि देठासकट गळून पडतात. दोन्हीकडे तेच. काय कमी पडतंय?

रानजाई
दोन कारणं असू शकतात. एक तपमान. दिवसा ३५च्या वर आणि रात्री फार उबदार असेल तर फूल धरत नाही. मुंबई-ठाण्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात हे होतंच. डिसेंबरात रात्री गार झाल्या की फरक दिसेल.

दुसरं, परागीभवन. टोमॅटोच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, एकटं झाडही फळतं. पण पराग पिवळ्या नळीच्या आत असतो आणि फूल थरथरल्याशिवाय बाहेर पडत नाही. शेतात वारा हे काम करतो, शिवाय काळा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी. फुलाला लटकून अंग थरथरवतात, तो गुंजनाचा आवाज नीट कान दिला तर ऐकू येतो. मधमाशीला ही कला येत नाही. सातव्या मजल्यावर हे पाहुणे क्वचितच येणार, तेव्हा सकाळी दहाच्या सुमारास घोसाच्या देठाला बोटाने टिचक्या मारा. इलेक्ट्रिक टूथब्रशची पाठ टेकवली तर अजून छान.

कुंडीबहाद्दर
+१. आणि नत्राची खतं बंद करा. पानं गडद हिरवी, जाडजूड, झाड नुसतं माजलेलं असेल तर ते फुलाकडे लक्ष देत नाही. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघणाऱ्या बगलफुटी लहान असतानाच काढा. फक्त झाड बुटक्या, आपोआप थांबणाऱ्या वाणाचं असेल तर काढू नका, फळं त्यांच्यावरच येतात.

अबोली_ठाणे
टिचक्या कामी आल्या! आणि थंडीही पडली. "काका"ची फळं चपटी, कडेला पन्हळ असलेली, चवीला आंबट. सारासाठी एक नंबर. "आजी"च्या झाडांत मात्र शिवारफेरी म्हणाले तसंच झालं. एका झाडाला लांबट, जाड सालीची फळं, थेट बाजारातल्यासारखी. दुसऱ्याला गोल, लहान आणि इतकी गोड की लेक झाडावरूनच खाते. ते गोड फळ पुढच्या वर्षीही हवंय. त्याचं बी धरलं तर तेच येईल का?

आणि एक काळजी. "आजी"च्या तिसऱ्या झाडाची शेंड्याची पानं वाटीसारखी वर वळलीत, लहान आणि पिवळट झालीत. वाढ थांबलीय.

शिवारफेरी
आधी तिसरं झाड. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा पानं गुंडाळणारा व्हायरस आहे. पांढरी माशी पसरवते. झाड हलवून बघा, पानांखालून पिठासारखे बारीक पांढरे किडे उडतील. या झाडाला औषध नाही. पानांवर मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालून तोंड बांधा आणि मगच उपटा, नाहीतर माश्या उडून शेजारच्या झाडांवर बसतील. आजच करा, लेकीला वाईट वाटलं तरी. उरलेल्या झाडांजवळ पिवळा चिकट सापळा टांगा. घरी करायचा तर पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासा. आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण, पानांच्या खालच्या बाजूने, संध्याकाळी. मिरचीची कुंडी दूर ठेवा, पांढरी माशी तिच्यावरही मुक्काम करते.

आता गोड फळ. बी धरा. पुढच्या वर्षी सगळी तशीच येणार नाहीत, काही येतील. जी तशी येतील त्यांचंच बी परत धरा. पाच-सहा पिढ्या असं निवडत गेलात तर घरचं पक्कं वाण होतं, वाण असेच तयार होतात. फळ निवडताना नुसतं सर्वांत गोड फळ बघू नका, सर्वांत निरोगी झाड बघा आणि त्याच्या खालच्या घोसातलं पूर्ण पिकलेलं फळ घ्या. बी खडखडीत वाळल्यावर कागदी पुडीत, पुडी घट्ट झाकणाच्या बरणीत, वर वाण आणि साल लिहून. नीट कोरडं राहिलं तर तीन-चार वर्षं उगवतं.

वऱ्हाडी_ठेचा
चार बिया इकडं पण पाठवा बाप्पा, अमरावतीच्या उन्हात बघतो काय म्हणते ती.

मांडवीकाठ
मलाही. मी वांग्याच्या खुंटावर बांधून बघते.

अबोली_ठाणे
नक्की! ज्यांना हवंय त्यांनी व्यक्तिगत निरोप करा. तिसरं झाड पिशवीत बांधून काढलं. सापळ्याला संध्याकाळपर्यंत बऱ्याच माश्या चिकटल्यात.

शिवारफेरी
बियांच्या पुड्या पाठवताना प्रत्येकीत कोरड्या तांदळाचे दहा-बारा दाणे टाका, प्रवासात ओल धरणार नाही. आणि अमरावतीवाले, तुम्ही उन्हाळी लावणार असाल तर डिसेंबर-जानेवारीतच रोपं करा. मार्चनंतर फुलं टिकणार नाहीत, आणि ३०-३२ अंशांच्या वर फळाला लाल रंगही नीट चढत नाही, पिवळंनारिंगी राहतं. रंग फिरायला लागला की तोडून घरात सावलीत पिकवा.